डिझेलची फटफटी

मराठीत काही शब्द असे आहेत की उच्चार होताच ती वस्तू अंगणात येऊन उभी राहते. 'फटफटी' हा त्यांतलाच एक. 'मोटारसायकल' हा शब्द कागदोपत्री ठीक आहे. कचेरीतला कारकून तो वापरतो, विम्याचा एजंट वापरतो. पण ज्या कोणा अनामिक मराठी माणसाने ते यंत्र वेशीतून आत येताना प्रथम ऐकले, आणि डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनीच त्याचे बारसे उरकून टाकले, त्याच्या प्रतिभेपुढे आम्ही भाषेचे मास्तर हात जोडतो. हल्लीच्या दुचाक्या इतक्या हळू बोलतात की त्यांना फटफटी म्हणणे म्हणजे मांजराला वाघ म्हणण्यापैकी आहे. खरी फटफटी आता दुर्मिळ. आणि माझ्याजवळ आहे ती तर फारच दुर्मिळ. कारण ती डिझेलवर चालते.

हे वाक्य मी आजवर शेकडो वेळा उच्चारले असेल, आणि दर वेळी समोरचा माणूस एकच शब्द उच्चारतो: "काऽय?" पंपावरचा मुलगा तर विचारीतही नाही, सरळ पेट्रोलची नळी उचलतो. अखेर टाकीच्या झाकणाशेजारी पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांनी 'डिझेल' असे रंगवून घेतले. तरीही तो एकदा अक्षरांकडे पाहतो, एकदा माझ्याकडे पाहतो, आणि साहेबांचे डोके ठिकाणावर आहे ना याची मनाशी खात्री करून घेतो.

वाचकांपैकी पुष्कळांना बुलेट ठाऊक असेल. एनफिल्ड हे मूळ इंग्लंडातल्या रेडिचचे घराणे. १९५५ साली मद्रासला त्याची शाखा निघाली; पुढे तिकडचा मूळ वृक्ष वठला आणि इकडची फांदी मात्र फोफावली. ह्या बुलेटच्या सांगाड्यात पेट्रोलऐवजी डिझेलचे इंजिन बसवावे, ही कल्पना प्रथम कारखान्याला सुचली नाही. ती सुचली उत्तरेकडच्या मिस्त्रींना. शेतातल्या पंपाचे इंजिन काढायचे, बुलेटमध्ये ठोकून बसवायचे आणि बाजाराला निघायचे, असा त्यांचा खाक्या. कंपनीने हे पाहिले आणि १९९३ साली स्वतःच डिझेल गाडी बाजारात आणली. इंजिन ग्रीव्ह्‌ज-लोंबार्दिनीचे. म्हणजे आराखडा इटलीचा आणि बनावट आपल्या मुंबईच्या ग्रीव्ह्‌ज घराण्याची, ज्याची पेढी १८५९ सालची आहे. ३२५ सी.सी., एकच सिलिंडर, ताकद साडेसहा घोड्यांची, वेग फार तर ताशी ६५ किलोमीटर. वजन मात्र दोनशे किलोंच्या घरात. नाव ठेवले 'टॉरस', म्हणजे वृषभ. नाव ठेवणारा मोठा रसिक असला पाहिजे. कारण ही गाडी पळत नाही, ती ओढते. पण लिटरला सत्तर किलोमीटरच्या पुढे ओढते! त्या काळी डिझेलचा भाव पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी होता. मग दूधवाला, भाजीवाला, खेड्यातला लहानसा दुकानदार ह्यांनी तिला जवळ केले ह्यात नवल ते काय?

रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन इंजिनियराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे इंजिन शोधून काढले. आपले यंत्र लहान कारागिराच्या हाती बळ देईल, मोठ्या कारखानदारापुढे त्याला ताठ उभे राहता येईल, अशी त्या भल्या गृहस्थाची मनीषा होती. झाले उलटेच. त्याचे इंजिन गेले आगबोटींत, आगगाड्यांत, मालमोटारींत. आणि तो स्वतः १९१३ साली इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटीवरून एका रात्री नाहीसा झाला. त्यानंतर ऐंशी वर्षांनी भारतातला दूधवाला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून त्याच्या इंजिनावर स्वार झाला, हे पाहायला तो बापडा हवा होता, असे मला वाटते.

पण हा थाट फार वर्षे टिकला नाही. २००० साली धुराचे नवे नियम आले आणि त्याच सुमारास ही गाडी निघायची बंद झाली. पुढे २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलच्या भावावरचे सरकारी नियंत्रण उठले, आणि पेट्रोलहून फार स्वस्त असण्याचा तिचा मोठा गुणही गेला. ज्या कारणासाठी ती जन्माला आली ते कारणच उरले नाही. अशा गाडीचे काय करायचे असते? भंगारवाल्याला विचाराल तर तो किलोचा भाव सांगेल.

माझी गाडी १९९६ सालची. टिटवाळ्याकडच्या एका दूधवाल्याने ती बारा-तेरा वर्षे राबवली आणि मग गोठ्यामागे आंब्याखाली उभी केली. मी ती सतरा हजारांना घेतली तेव्हा टाकीत पालापाचोळा होता, सीटमध्ये उंदरांचा संसार होता, आणि किक पायाखाली दगडासारखी घट्ट बसली होती. टेम्पोतून मोहन्याला आणली तेव्हा शेजारच्या आजींनी "कुणाची रे ही?" असे अशा स्वरात विचारले, की जणू मी दारात प्रेतच आणून ठेवले आहे.

ती जिवंत झाली ती मोहन्यामुळेच. आणि इथे मला आमच्या गावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. उल्हास नदीकाठचे हे गाव जगाला माहीत झाले ते १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनमुळे. आंबिवली स्टेशनावर उतरणारी माणसे पाळीच्या भोंग्याप्रमाणे उतरत आणि चढत. २००९ साली कारखाना बंद पडला. कारखाना बंद पडला की यंत्रे विकली जातात, जमिनीचा भाव ठरतो. पण त्या यंत्रांवर तीस-तीस वर्षे बसलेले हात कोणाच्या खात्यावर मांडायचे? फिटर, टर्नर, वेल्डर अशी ती माणसे पांगली. कोणी गावी गेली, कोणी रिक्षा घेतली, कोणी नुसतीच म्हातारी झाली. त्यांतलेच आमचे काका. सारी आळी त्यांना काकाच म्हणते. सत्तरी ओलांडलेली, चश्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि मोडलेले काही दिसले की डोळ्यांत लहान मुलाचा लोभ.

काकांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, वाकून इंजिन पाहिले आणि म्हणाले, "सर, ही मोटारसायकल नाही. हा पंप आहे, चाकं लावलेला."

ह्या एका वाक्यात आमच्या पुढच्या चौदा महिन्यांचे सारे धोरण होते. मोटारसायकलच्या दुकानात हिचे सुटे भाग मागितले तर दुकानदार हात जोडतो. पण कल्याणला ट्रॅक्टर-टेंपोचे पंप-नोझल दुरुस्त करणारी माणसे आहेत, शेतीच्या इंजिनांचे सामान विकणारी आहेत. त्यांना लोंबार्दिनी म्हटले की दूरच्या नातेवाईकाची विचारपूस केल्यासारखे वाटते. रिंगा मिळाल्या, गॅस्केट मिळाले. एक बुश कुठेच मिळेना, तो काकांच्या जुन्या सोबत्याने लेथवर कातून दिला आणि पैशांऐवजी गाडी सुरू झाल्यावर एक फेरी मागितली.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलमध्ये ती नाही. तिथे नुसती हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापून लाल व्हावी, आणि नेमक्या क्षणी तिच्यावर डिझेलची बारीक फवार सोडायची. सारा खेळ त्या क्षणाचा आणि त्या फवाऱ्याचा. नोझल तपासायची तर ती हाताच्या पंपावर चढवून दांडी दाबतात. फवारा धुक्यासारखा निघाला पाहिजे आणि निघताना नोझल चिवचिवली पाहिजे. "चिमणी बोलली का?" असे काका विचारीत. न बोलणारी नोझल मुतरी. ती परत करायची. त्या फवाऱ्यापुढे मी बोट धरू लागलो तेव्हा काकांनी माझा हात असा झटकला की दोन दिवस मनगट दुखत होते. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो, आणि बोट जायची वेळ येते. पंपाखाली कागदासारख्या पातळ पत्र्या असतात. एक पत्री कमी-जास्त केली की डिझेल उडण्याची वेळ मागेपुढे होते. काव्यातील मात्रांविषयी मी वीस वर्षे मुलांना शिकवीत आलो आहे. एका मात्रेने काय होते हे इतक्या मोठ्या आवाजात मला कोणी सांगितले नव्हते.

मी एक वही घातली होती. काकांचे बोलणे उतरून घ्यायचे, हा माझा उद्योग. 'एअर धरली' म्हणजे डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला. मग नट सैल करून, बुडबुडे संपून सलग धार लागेपर्यंत 'एअर काढायची'. 'आटे गेले' म्हणजे बोल्टाचा संसार संपला. धुराचे तर काकांजवळ आख्खे निदानशास्त्र आहे: काळा धूर म्हणजे खाल्लेले पचत नाही, निळा म्हणजे इंजिन स्वतःचेच तेल जाळते आहे, पांढरा म्हणजे अंगात अजून ऊब नाही. कोणी वैद्यही रोग्याला याहून सोपे करून सांगणार नाही. पण वहीचीही एक सीमा असते. "काका, हा नट किती आवळायचा?" असे विचारले की ते म्हणत, "नको म्हणेल तोवर." हे मी लिहून घेतले, पण नट नको म्हणतो ते कोणत्या आवाजात, हे कोणत्या लिपीत लिहायचे?

आणि इथेच माझी खरी काळजी आहे. गाडी चालते. खटका उचलून इंजिनाचा दाब मोकळा करायचा, तीन-चार किका मारून चक्राला गती द्यायची आणि खटका सोडायचा. मग ती एकदा खोकते, दोनदा विचार करते आणि डग-डग-डग अशी बोलू लागते. शहाडच्या पुलावर माझ्या शेजारून शाळकरी मुले स्कूटरवरून पुढे जातात आणि वळून हसतात. मला त्याचे काही नाही. पण काकांच्या हातांना आता कंप आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. गाडी कंपनीने बंद केली तेव्हा ती मेली नाही. टिटवाळ्याच्या गोठ्यामागे उभी होती तेव्हाही मेली नव्हती. तिला एअर धरली असताना ती काढणारे कोणी उरले नाही, त्या दिवशी ती मरेल.

कायद्याच्या दृष्टीने तिची अवस्था मोठी चमत्कारिक आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नवी करायची. मोटारसायकलचे हे शुल्क तीनशे होते, १ एप्रिल २०२२ पासून हजार झाले, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून दोन हजार. पर्यावरण कर वेगळाच. पन्नास वर्षे पुरी झाली तर मात्र २०२१ च्या नियमांप्रमाणे ती 'विंटेज' होऊ शकते आणि तिला मानाचा वेगळा क्रमांक मिळतो. माझ्या गाडीला तो मान मिळायला २०४६ उजाडेल. तोपर्यंत ती तरुण नाही, आणि वारसाही नाही. नुसतीच जुनी आहे. माणसाच्याही आयुष्यात असा काळ येतो. पण मी कायद्याला बोल लावणार नाही. कल्याणच्या चौकात संध्याकाळी उभे राहून श्वास घेणाऱ्याने धुराचे समर्थन करू नये. म्हणून मी गाडी आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी बाहेर काढतो, आणि काळा धूर दिसला तर पंप-नोझल पाहिल्याशिवाय पुन्हा काढीत नाही.

गेल्या पावसाळ्यात काकांची नात येऊ लागली. आय.टी.आय.मध्ये मेकॅनिक डिझेलचा कोर्स करते. पहिल्याच दिवशी तिने गाडी पाहून विचारले, "आजोबा, हे सगळं काढून हिला बॅटरी बसवली तर?" मला वाटले, आता काका उसळणार. पण ते म्हणाले, "बसवता येईल. पण काढणार काय काय, ते आधी बघून घे." आणि तिच्या हाती पाना दिला. रविवारमागून रविवार ती काढून पाहते आहे. माझ्या वहीत नसलेल्या गोष्टी ती आजोबांच्या मनगटाकडे बघून उचलते, हे मी पाहतो, आणि वहीविषयीचा माझा अभिमान थोडा कमी होतो.

दसऱ्याच्या सुमारास गाडीने पुन्हा एअर धरली. काका ओट्यावर बसून राहिले. हात मांडीखाली, जणू ते आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून दाबून धरलेले. पोरीने नट सैल केला, बुडबुडे जाऊ दिले, सलग धार लागल्यावर नट आवळला आणि खटका उचलून किक मारली. चौथ्या किकेला इंजिन बोलले. काका मान तिरपी करून ऐकत होते. "एक बोल्ट ढिला आहे," ते म्हणाले. कुठला ते सांगितले नाही. ती वाकली, इंजिनाच्या अंगावरून हात फिरवीत गेली. एकदा चुकली, दोनदा चुकली. तिसऱ्यांदा तिचा हात सायलेन्सरजवळच्या पट्टीवर थांबला आणि तिने पाना लावला.

काकांनी शाबास म्हटले नाही. त्यांनी मला विचारले, "सर, चहा मिळेल का?"