गर्भिणी, फोलिक अ‍ॅसिड आणि स्वमग्नता : वैद्याने काय सांगावे?

गर्भिणीस द्यावयाच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांविषयी आपल्या व्यवसायात दोन टोकांच्या भूमिका आढळतात. काही वैद्य ‘या कृत्रिम गोळ्या उष्ण पडतात, त्या बंद करा, शतावरी आणि दूध पुरेसे आहे’ असे सांगतात. याउलट काही औषधविक्रेते ‘हे घेतले की मूल स्वमग्न होत नाही’ असे सांगून मल्टिव्हिटॅमिनची महागडी बाटली ग्राहकाच्या हाती देतात. दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. आणि त्यांतील पहिली अधिक घातक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ‘परकी गोळी’ या आक्षेपाविषयी. फोलिक अ‍ॅसिडच्या इतिहासाचे पहिले पान मुंबईतच लिहिले गेले आहे. लुसी विल्स या इंग्रज वैद्यकतज्ज्ञ १९२८ पासून हाफकिन संस्थेत काम करीत होत्या. कापड गिरण्यांतील गरीब कामकरी स्त्रियांना गर्भारपणी होणारा तीव्र पांडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला, आणि १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला. पानांतून सापडलेल्या आणि मुंबईच्या गिरणगावाशी नाते असलेल्या द्रव्याला परके म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत यातील बराचसा काळ उलटलेला असतो. पूर्वी असा दोष असलेले अपत्य झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड दिल्यास दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी कमी होते, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ मध्ये यादृच्छिक चाचणीने दाखविले. हा पुरावा भक्कम आहे. केवळ एवढ्यासाठीही गोळी बंद करण्याचा सल्ला देणे वैद्याला शोभत नाही.

स्वमग्नतेचा पुरावा मात्र या दर्जाचा नाही, आणि हा फरक आपण जपला पाहिजे. नॉर्वेमध्ये २००२ ते २००८ या काळात जन्मलेल्या ८५,१७६ मुलांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भधारणेच्या सुमारास, म्हणजे चार आठवडे आधीपासून आठ आठवडे नंतरपर्यंत, फोलिक अ‍ॅसिड घेतलेल्या मातांच्या मुलांत ऑटिस्टिक डिसऑर्डरचे प्रमाण ०.१० टक्का होते. न घेतलेल्यांच्या मुलांत ते ०.२१ टक्का होते. इतर घटकांचा हिशेब करूनही जोखीम सुमारे ३९ टक्क्यांनी कमी भरली. हेच आकडे साध्या भाषेत सांगायचे तर हजारी दोनाऐवजी एक. ‘३९ टक्के संरक्षण’ अशी जाहिरात करणारा खोटे बोलत नाही, पण पूर्ण खरेही सांगत नाही.

गोळी नियमाने घेणारी स्त्री बहुधा अधिक शिकलेली व स्वास्थ्याबाबत दक्ष असते. मग श्रेय गोळीचे की दक्षतेचे? नॉर्वेच्या संशोधकांनी माशाच्या तेलाच्या गोळ्या घेणाऱ्या मातांचीही तुलना केली. त्याही तशाच दक्ष होत्या, पण त्यांच्या मुलांत घट दिसली नाही. हा तपशील मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे फोलिक अ‍ॅसिडचे पारडे थोडे जड होते. कॅलिफोर्निया (२०११), स्टॉकहोम (२०१७) आणि इस्राएल (२०१८) येथील अभ्यासांचा कौलही साधारण याच दिशेचा आहे. तथापि हे सारे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. त्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

बॉस्टन येथील २०१८ च्या अभ्यासाकडे आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. तेथे आठवड्यातून तीन ते पाच वेळा गोळी घेणाऱ्या मातांच्या मुलांत जोखीम कमी आढळली. परंतु प्रसूतीनंतर ज्यांच्या रक्तात फोलेट वा बी-१२ अत्यंत अधिक होते, त्यांच्या मुलांत ती वाढलेली दिसली. याचेही कारण अद्याप निश्चित झालेले नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, गर्भिणीने एकाच रसाचे नित्य सेवन केले तर अपत्यात कोणते दोष येतात याची यादी आहे, आणि गर्भास हितकर मानलेला मधुर रसही तिच्यातून सुटलेला नाही. त्यातील ‘मूक’ या शब्दावर बोट ठेवून ‘आमच्या आचार्यांना ऑटिझम ठाऊक होता’ अशी भाषणे करण्याचा मोह मात्र कृपया आवरावा. मात्रेचा विवेक एवढेच त्यातून घेण्यासारखे आहे, आणि ते पुष्कळ आहे.

हा विवेक दुकानाच्या गल्ल्यावर रोज लागतो. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गर्भधारणेपूर्वीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड, आणि त्यानंतर किमान १८० दिवस ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असे प्रमाण आहे. आपल्याकडे सर्रास विकली जाणारी गोळी ५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट. पूर्वीच्या अपत्यात न्यूरल ट्यूबचा दोष असल्यास, किंवा स्त्री अपस्माराची काही औषधे घेत असल्यास मोठी मात्रा देतात. तो निर्णय तिच्या प्रसूतितज्ज्ञांचा. इतरांना ती ‘स्वस्त आहे, असू द्या’ म्हणून देऊ नये. शासकीय गोळी, खासगी डॉक्टरांची कॅप्सूल, प्रोटीन पावडर आणि वर आपले धात्री लोह वा पुनर्नवा मंडूर असे सारे एकाच पिशवीत निघते. ती पिशवी रिकामी करून पाहिल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये. लोहाची गोळी दुधाच्या अनुपानाने देऊ नये, हेही जाता जाता सांगतो. कॅल्शियममुळे लोहाचे शोषण घटते.

आपल्या घरातही पाहावे लागेल. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गर्भवतींच्या रक्तात शिसे आढळले, आणि त्याचा संबंध भारतात बनलेल्या आयुर्वेदिक औषधांशी लागला. शिसे गर्भाच्या मेंदूस अपायकारक आहे, याबद्दल दुमत नाही. फोलिक अ‍ॅसिडला ‘रसायन’ म्हणून नाके मुरडायची आणि परीक्षण अहवालाविना आलेला रसकल्प गर्भिणीस द्यायचा, हे विसंगत आहे. औषधालयांच्या मालकांनी प्रत्येक बॅचचा जड धातूंचा अहवाल उत्पादकाकडून मागावा. न देणाऱ्याचा माल ठेवू नये.

आणखी एक प्रश्न दाराशी येतोच. स्वमग्न मुलाची आई विचारते, ‘मी गोळ्या नीट घेतल्या नाहीत, म्हणून का हो असे झाले?’ बहुधा हे तिच्या मनात सासरच्या कोणीतरी भरवलेले असते. २०१९ मध्ये पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून स्वमग्नतेतील आनुवंशिक घटकांचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला. गोळ्या घेतलेल्या मातांची मुलेही स्वमग्न असतात आणि न घेतलेल्या बहुसंख्य मातांची नसतात. एकेका मुलाबाबत गोळीकडे बोट दाखविण्यास शास्त्राचा कोणताही आधार नाही. हे तिला, आणि शक्य तर तिच्या सासूबाईंसमोर, सांगावे.

वैद्याला खरी संधी आहे ती गर्भधारणेच्या आधी. ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज यांचा विचार घेऊन दांपत्ये आपल्याकडे बीजशुद्धीसाठी येतात. प्रसूतितज्ज्ञांना ती बहुधा पाळी चुकल्यावरच भेटतात. फलघृताच्या चिठ्ठीवर त्याच दिवशी ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिडही लिहावे, आणि स्त्री अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट घेत आहे काय, हे न विसरता विचारावे. घेत असल्यास ते औषध परस्पर बंद न करता तिला गर्भधारणेपूर्वीच मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.