पर्यावरणाचा पडदा गावाकडे कधी वळणार?

पर्यावरणपट दाखवण्याची प्रथा आपल्याकडे आता चांगली रुजली आहे. दिल्लीच्या सीएमएस संस्थेचा 'वातावरण' महोत्सव २००२ साली सुरू झाला. पुण्यात २००६ पासून किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव भरू लागला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतही शाळा-कॉलेजांत, सभागृहांत अशा संध्याकाळी होतात. वाघ, हत्ती, पक्षी पडद्यावर येतात, माणसे हळहळतात, टाळ्या वाजतात आणि लोकल गाठायला मंडळी उठतात. चांगलीच गोष्ट आहे. पण वाचकहो, ज्या रानाचे चित्र दाखवतात त्या रानाच्या कडेला राहणाऱ्याला हा पट कधी पाहायला मिळतो?

आपल्या जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. तानसा धरण १८९२ चे, पुढे मोडकसागर झाले, भातसा झाले, २०१४ मध्ये मध्य वैतरणा झाले. मुंबई-ठाण्याच्या नळाला येणारे पाणी शहापूर आणि त्याच्या शेजारच्या तालुक्यांतल्या डोंगरांवर पडते. कल्याण-डोंबिवली उल्हास नदी आणि बारवीवर जगते. बारवीची उंची वाढली तेव्हा गावे उठली ती आपल्याच जिल्ह्यातली. आणि त्याच शहापुरात उन्हाळा आला की पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. म्हणजे रान राखायचे गावाने, पाणी प्यायचे शहराने आणि रानाचा सिनेमाही बघायचा शहरानेच. हे गणित कुठेतरी चुकतंय.

सिनेमाने काही होत नाही, असे कुणी म्हणेल. ते खरे नाही. माईक पांडे यांनी २००० साली 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा पट काढला. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या अवाढव्य माशाची कत्तल चालायची, ती त्यांनी दाखवली. २००१ मध्ये या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळाले. पण खरा धडा त्यापुढे आहे. नुसत्या कायद्याने मासा वाचला नसता. वन खाते आणि स्वयंसेवी संस्था मच्छीमारांच्या वस्तीत गेल्या. जाळे कापून मासा सोडला तर जाळ्याची भरपाई मिळेल अशी सोय झाली. पुढे तर मच्छीमारांच्याच हातात साधे कॅमेरे दिले आणि सुटका त्यांनीच टिपायची, असे ठरले. काल ज्याच्यावर बोट रोखले होते, तोच आज चित्र काढणारा झाला.

दुसरे उदाहरण गिधाडांचे. गिधाडे का मेली, तर जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, हे २००४ च्या संशोधनात पुढे आले. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांच्यावरही आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे. आता सांगा, मेलेल्या गिधाडाचे चित्र पाहून डोंबिवलीचा प्रेक्षक काय करणार? फार तर वाईट वाटून घेईल. मुरबाडचा गोठेवाला मात्र डॉक्टरला विचारील, "कोणतं इंजेक्शन देताय?" खरा प्रेक्षक तो आहे.

आपल्या भागातला कळीचा विषय म्हणजे राब. मार्च ते मेमध्ये ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण पसरून शेतकरी रोपवाटिकेची जागा भाजतो. पर्यावरणपटात हे दृश्य आले की निवेदक म्हणतो, जंगलाचा नाश चालला आहे. झाड छाटले जाते हे खरे, राबाची ठिणगी उडून वणवा लागतो हेही खरे. पण शेतकरी हौस म्हणून राब भाजत नाही. तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळते. "मग भाजू नको तर रोप कसं करू, साहेब?" या प्रश्नाला पडद्यावर उत्तर नसेल तर तो सिनेमा अर्धाच.

उत्तरे आहेत. गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची काळी राख मिसळून रोप चांगले येते. चारसूत्री पद्धतीत हे सांगितलेच आहे, जोडीला गिरिपुष्पाचा पाला आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या एसआरटी पद्धतीत गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. चिखलणी नाही, लावणी नाही, रोपवाटिकाच नाही, मग राब कशाला? तणनाशकाचा खर्च आणि काळजी मात्र आहे, तेही लपवू नये. असा अर्ध्या तासाचा पट शेतकऱ्याच्या शेतात, शेतकऱ्याच्याच तोंडून निघाला तर व्याख्यानांपेक्षा जास्त काम करील.

वेळही साधली पाहिजे. जूनमध्ये जागतिक पर्यावरण दिनाला पट दाखवून काय उपयोग? तोवर राब भाजून झालेला असतो, वणवे विझलेले असतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेनंतर, राबतोड संपण्याआधी संध्याकाळी दाखवा. शाळेचा प्रोजेक्टर, पांढरी चादर आणि सोप्या मराठीतले निवेदन एवढे पुरे. पट चाळीस मिनिटांपेक्षा लांब नको. नंतर तासभर जनावरांचे डॉक्टर, वनरक्षक आणि कृषी खात्याचा माणूस यांनी बसून प्रश्नांना उत्तरे द्यावीत. कातकरी, ठाकर बायाबापड्यांना पुढची जागा द्या. रान त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

शहरवाल्यांचेही काम संपत नाही. त्यांनी वाघासोबत वालधुनीही पडद्यावर पाहावी. अंबरनाथ-उल्हासनगरातून कल्याणकडे येणाऱ्या या नदीत काय काय सोडले जाते ते पाहावे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला होता, तो कुठल्या शेतकऱ्याने रंगवला नव्हता. गावाने राब सोडावा असे म्हणणाऱ्या शहराने आपले सांडपाणी आवरले तरच त्या शब्दाला वजन येईल.

शहरात पर्यावरणपटांची संध्याकाळ भरवणाऱ्या मंडळींना एवढेच सांगणे आहे. वर्षातून एक संध्याकाळ गावाला द्या. येताना पट आणा आणि जाताना गावकऱ्यांचे प्रश्न घेऊन जा. पुढच्या वर्षीचा पट त्या प्रश्नांवर काढा. मोबाइल आता गावातही घरोघर आहे, चित्रीकरण गावची पोरे करतील.