मुख्याध्यापकांना पीपीटी नको, आधी बाणांचं चित्र काढायला शिकवा



2025-26 पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम सुरू झाला. बाकीच्या इयत्तांचा बदल टप्प्याटप्प्याने होणार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं की शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांनीही दरवर्षी किमान 50 तास प्रशिक्षण घ्यावं आणि त्यात नेतृत्व व व्यवस्थापन हे विषय असावेत. चांगलीच गोष्ट आहे. पण त्या 50 तासांत नेमकं शिकवायचं काय? आपला अनुभव असा की पडद्यावर पीपीटी लागते, शासन निर्णय वाचून दाखवला जातो, दुपारी जेवण होतं आणि शेवटी हजेरीची सही. मुख्याध्यापक सर शाळेत परत येतात आणि तेच मुद्दे आपल्याला सांगतात. काय करायचं ते कळतं. पण ते केल्यावर शाळेतल्या दुसऱ्या कोणकोणत्या गोष्टी हलतील, यावर कुणीच बोलत नाही.

एक उदाहरण घेते, तुम्हा सगळ्यांच्या घरातलं. दप्तराचं ओझं.

2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं आली, आठवतंय ना? पुस्तकाचे चार भाग, प्रत्येक भागात सगळे विषय आणि पाठांच्या शेवटी ‘माझी नोंद’ची पानं. हेतू अगदी सरळ होता. पुस्तकातच लिहिलं की वही नको, वही नको म्हणजे दप्तर हलकं. पण मुलं वह्या आणतच राहिली आणि 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. तेव्हा बऱ्याच जणांनी शिक्षकांना दोष दिला, काहींनी पालकांना. मला वाटतं दोघांचंही चुकलं नव्हतं. वही शाळेत काय काय कामं करते, हे आधी मांडून पाहिलं नव्हतं, इतकंच.

बघा हं. वही तपासायला मी शाळेत ठेवून घेतली, तरी पुस्तक मुलाकडे राहतं. ‘माझी नोंद’ तपासायची तर पुस्तकच ठेवून घ्यावं लागतं, मग मूल घरी काय वाचणार? तिसरीतल्या मुलाचं अक्षर मोठं, चार वाक्यांत पान भरतं. तपासणीला येणारे साहेब वह्याच मागतात. आई संध्याकाळी वही उघडूनच बघते, आज शाळेत काय झालं ते. म्हणजे वहीला तपासणी, सराव, घर आणि वरिष्ठ असे चार दोर बांधलेले. आपण वही काढायला गेलो, दोर तसेच राहिले. मग ती परत आली, यात नवल काय?

यालाच सिस्टीम्स थिंकिंग म्हणतात, आपण ‘व्यवस्थेचा विचार’ म्हणू. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या शेतकरी पालकांना चांगली कळते. विहिरीत पाणी कमी झालं तर ते फक्त मोटारीकडे बघत नाहीत. पाऊस, शेजारचं बोअर, उसाचं क्षेत्र, सगळं एकत्र धरतात.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1960 च्या आसपास यासाठी एक खेळ तयार झाला. बीअर गेम. नाव ऐकून दचकू नका, त्यात कुणी काही पीत नाही! चार जण असतात: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याकडे मागणी नोंदवायची आणि माल यायला काही आठवडे लागतात. खेळात ग्राहकांची मागणी एकदाच वाढते, चारावरून आठ, पुढे तेवढीच राहते. तरीही सगळे घाबरून जास्त जास्त मागवतात, आधी तुटवडा होतो, मग मालाचे ढीग लागतात. शेवटी प्रत्येकजण शेजाऱ्याला दोष देतो आणि म्हणतो की ग्राहकाचीच मागणी फार वरखाली झाली असणार. पीटर सेंगे यांच्या 1990 मधल्या ‘द फिफ्थ डिसिप्लिन’ या पुस्तकामुळे हा खेळ जगभर माहीत झाला.

आता हाच खेळ मुख्याध्यापकांनी खेळायचा. बीअरऐवजी खडूचे डबे घ्या आणि शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा अशी चार टेबलं लावा. तासा-दीड तासात कळतं की उशीर आणि अर्धवट माहिती असली की शहाणी माणसंसुद्धा गोंधळ घालतात. नव्या अभ्यासक्रमाचंही तसंच आहे. जूनमध्ये पद्धत बदलली आणि ऑगस्टच्या चाचणीत गुण दिसले नाहीत म्हणून सप्टेंबरमध्ये जादा तास लावले, की मुलं दमतात, शिक्षक जुन्या घोकंपट्टीवर येतात आणि मग नवी पद्धत चालत नाही असा शिक्का बसतो. तिला रुजायला वेळच मिळालेला नसतो. मी हे एका वर्गात घडताना पाहिलंय. तो वर्ग माझाच होता. गुण दिसेनात म्हणून पालक विचारू लागले, मुख्याध्यापक विचारू लागले आणि मी गटात वाचन थांबवून फळ्यावरची प्रश्नोत्तरं उतरवून द्यायला लागले. दोन महिन्यांत जी मुलं स्वतःहून पुस्तक उचलू लागली होती, ती पुन्हा ‘बाई, उत्तर सांगा’ म्हणायला लागली.

काही जण म्हणतील, मुख्याध्यापकांच्या हातात असतं काय? आदेश वरून येतो. खरंय, आणि लहान शाळांत तर मुख्याध्यापक स्वतः दोन वर्ग सांभाळून पोषण आहाराचा हिशोबही लिहितात. त्यांच्यावर आणखी एक ओझं टाका असं मी म्हणत नाहीये. पण आदेश कसा राबवायचा, निकाल कधी मोजायचा, पालकांना आधी काय सांगायचं, हे बरंचसं शाळेतच ठरतं.

म्हणून माझी सूचना एवढीच आहे. पुढच्या शिक्षण परिषदेत एक तास मागून घ्या. मोठ्या कागदावर मधोमध येणारा बदल लिहा, भोवती शिक्षक, मूल, आई, स्वयंपाकीताई, तपासणारे साहेब. कुणाचं काम वाढतं, कुणाचं कमी होतं, ते बाणांनी दाखवा आणि परिणाम दिसायला किती दिवस लागतील तेही बाणावर लिहा. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनाही बोलवा, त्यांना दिसणारे बाण आपल्याला दिसत नाहीत. असा कागद तुमच्या शाळेत झाला तर फोटो काढून इथे पाठवा, आपण त्यावर पुढच्या वेळी बोलू.