सोडत पुरे, घरं बांधा

मुंबईत घरांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, सरकारी घरं म्हणजे खुराडी. पुरावा म्हणून गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीकडे बोट दाखवलं जातं. पुरावा खरा आहे. दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा. ऊन-वारा न पोचणाऱ्या अशा घरांत क्षयरोग जास्त असल्याचं डॉक्टरांच्या पाहणीतही आढळलं. पण ही वसाहत ज्या पद्धतीची, तिचा हिशेब असा: विकासकानं पुनर्वसनाची घरं बांधून द्यायची, मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घ्यायचा. मोकळी जागा आक्रसली ती या सौद्यात. गृहनिर्माण मंडळानं बांधलेलं विक्रोळीचं कन्नमवार नगर पाहा. घरं लहान, इमारती कमी उंचीच्या, पण मध्ये अंगण आहे, झाडं आहेत. आज पुनर्विकासवाल्यांचा डोळा त्याच अंगणांवर आहे.

‘जागाच कुठाय?’ हा पुढचा प्रश्न. जागा होती, ती घालवली. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम 58नुसार कापडगिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग पालिकेला, तेवढाच म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला मिळायचा होता. 2001मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांच्या आवारात बहुतेक जागेवर शेडच उभ्या. मग म्हाडाच्या वाट्याला काय येणार? उच्च न्यायालयानं 2005मध्ये हा बदल अडवला, 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. लोअर परळला टॉवर झाले आणि गिरणी कामगाराला आता शेलू-वांगणीचा रस्ता दाखवतात.

बाजार घरं पुरवेल म्हणावं, तर 2011च्या जनगणनेत बृहन्मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. म्हाडाही बाजाराच्याच वळणावर गेली आहे. 2023च्या सोडतीत ताडदेवचं घर साडेसात कोटींच्या पुढे होतं. (अर्जदार बहुधा पंचतारांकित गरजू असावेत.) 2024मध्ये 2,030 घरांसाठी लाखाहून जास्त अर्ज आले.

राहिला एक आक्षेप, त्यात मात्र दम आहे: लोक मिळालेलं घर विकतात. मग मालकी देताच कशाला? भाड्यानं द्या. सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळींनी शतकभर तेच केलं. 160 चौरस फुटांची खोली आणि सामाईक संडास यांचे गोडवे मी गाणार नाही. पण गिरणी कामगार आणि पोलीस त्यामुळे कामाजवळ राहिले. या चाळी उभ्या राहिल्या त्याच दशकात व्हिएन्ना पालिकेनं श्रीमंती घरांवर चढा कर बसवून भाड्याची घरं बांधायला घेतली. आज तिच्याकडे अशी दोन लाखांहून जास्त घरं आहेत. पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर त्या करात आहे.

सुरुवात वरळीच्या बीडीडी चाळींतूनच करता येईल. तिथल्या पुनर्विकासात मूळ रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरं मिळताहेत, ते योग्यच. उरलेल्या विक्रीच्या इमारतींतले काही मजले म्हाडानं विकू नयेत. ते कायम स्वतःकडे ठेवून केईएम रुग्णालयाच्या परिचारिकेला, बेस्टच्या कंडक्टरला, पालिकेच्या सफाई कामगाराला पगाराच्या प्रमाणात भाड्यानं द्यावेत.