पिंजऱ्याने घोडबंदर सुरक्षित होणार नाही

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे, दुसऱ्या अंगाला खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मानपाड्यापासून कासारवडवली, गायमुखापर्यंत टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आणि काही संकुलांच्या भिंती थेट जंगलाला भिडल्या. अशा एखाद्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत रात्री बिबट्या दिसला की तासाभरात ती चित्रफीत घरोघरी पोहोचते आणि लगेच मागणी सुरू होते: पिंजरा लावा, बिबट्या पकडा, लांब नेऊन सोडा. मागणीमागची भीती खरी आहे. तिची टिंगल करणाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतल्या इमारतीत शिरलेल्या बिबट्याने माणसांना जखमी केले होते, हे आठवावे. पण भीती खरी असली म्हणून त्यावरचा उपाय बरोबर ठरत नाही. केवळ दिसला म्हणून बिबट्याला उचलून दुसरीकडे सोडल्याने माणसांचा धोका कमी होत नाही, उलट वाढू शकतो, असे महाराष्ट्रातच झालेले संशोधन सांगते.

हा पुरावा जुन्नरचा आहे. २००१ नंतर जुन्नर वनविभागात उसाच्या पट्ट्यातले बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा हिशेब मांडला आणि तो २०११ मध्ये ‘कॉन्झर्वेशन बायोलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. पाणी, लपण, भक्ष्य आणि माणसांची वर्दळ यांचे गणित त्याच्या अंगवळणी पडलेले असते. पकडताना जखमी झालेला, बिथरलेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला की त्याला हे गणित नव्याने शिकावे लागते आणि तेही दुसऱ्या बिबट्यांच्या इलाख्यात. अनेकदा तो आपल्या जागेकडे परत चालू लागतो. इकडे रिकामी झालेली जागाही फार काळ रिकामी राहत नाही, जवळपासचा तरुण बिबट्या ती धरतो. म्हणजे ज्या सोसायटीने पिंजरा लावून घेतला, तिच्या वाट्याला माणसांना सरावलेल्या बिबट्याऐवजी नवखा बिबट्या येतो.

यावर आक्षेप असा की, जुन्नरमध्ये ऊसही वाढला आणि बिबटेही, मग हल्ल्यांचे खापर स्थलांतरावरच का फोडायचे? आक्षेप रास्त आहे. एका कारणाने सगळे उलगडत नाही. पण हल्ले बिबटे सोडलेल्या ठिकाणांच्या आसपासही वाढले होते, तिथे उसाचे कारण पुरत नाही. खुद्द संजय गांधी उद्यानाचा इतिहासही हेच दाखवतो. २००२ ते २००४ या काळात उद्यानाभोवती हल्ल्यांची लाट आली होती. जून २००४ या एकाच महिन्यात दहाच्या आसपास माणसे दगावली. त्या वर्षांत इतरत्र पकडलेले बिबटे या उद्यानात सोडले जात होते. ती पद्धत थांबल्यावर हल्ले झपाट्याने कमी झाले. पुढे २०११ मध्ये वन विभागाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू करून संशोधक आणि रहिवाशांना एकत्र आणले. बिबटे मात्र कमी झाले नाहीत. ठिपक्यांच्या नक्षीवरून ओळख पटवणाऱ्या कॅमेरा मोजणीत २०१५ मध्ये ३५ बिबटे आढळले, तर २०२४ मध्ये ५४. बिबट्यांची संख्या आणि हल्ल्यांची संख्या सोबतच वाढते, हे गृहीतक इथे टिकत नाही.

बिबट्याच्या बाजूने बोलणारेही कधीकधी पुराव्यापेक्षा पुढे धावतात. बिबटे भटकी कुत्री खातात म्हणून रेबीज आटोक्यात राहतो, असा युक्तिवाद २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या आधारे केला जातो. उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री मारतात, त्यामुळे हजारभर श्वानदंश आणि ९० संभाव्य रेबीज रुग्ण टळतात, असा त्यात अंदाज होता. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीनुसार संपूर्ण देशात रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यू होतात. त्यापुढे एका उद्यानाच्या कडेला ९० रुग्ण टळतात, हा आकडा फुगलेला वाटतो. शिवाय रेबीज रोखणे हे पालिकेच्या लसीकरणाचे आणि निर्बीजीकरणाचे काम आहे, ते बिबट्यावर सोपवता येणार नाही. या अभ्यासातून घ्यायचे ते एवढेच की कुत्रा बिबट्याच्या आहाराचा मोठा भाग आहे आणि वस्तीजवळ येण्याचे ते एक ठळक कारण आहे. उघडा कचरा कुत्र्यांना पोसतो आणि कुत्री बिबट्याला भिंतीपर्यंत आणतात. कुत्री घटली तर उपाशी बिबट्या माणसावर येईल, ही शंकाही घेतली जाते. पण उद्यानात चितळ आणि सांबर आहेत, आणि माणूस हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य नाही. तेव्हा पिंजऱ्यापूर्वी कचराकुंडी हलायला हवी.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. सहजीवनाची भाषा बाराव्या मजल्यावरून सोपी असते. जोखीम मात्र उद्यानाच्या परिसरातल्या येऊरच्या किंवा आरेच्या पाड्यावर राहणाऱ्या आदिवासी कुटुंबाच्या वाट्याला येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरेत बिबट्याच्या हल्ल्यात अगदी लहान मुलीचा जीव गेला. या आक्षेपाला उत्तर म्हणून आकडेवारी पुरेशी नाही, खर्चाचा क्रम बदलावा लागेल. घराजवळ शौचालय, वाटेवर दिवे, कचऱ्याची नियमित उचल आणि नुकसानभरपाईचा वेळेवर निपटारा हे आधी पाड्यांवर व्हायला हवे, मग संकुलांच्या कुंपणापाशी. आणि एखादा बिबट्या माणसांवर हल्ले करतो असे दिसले, तर त्याला पकडून कायमचे बंदिस्त ठेवायलाच हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याची तरतूद आहे. माणसाचा जीव आधी, यात वाद नाही. वाद आहे तो कशाने जीव वाचतो याचा.

घोडबंदरचा आणखी एक प्रश्न खुद्द रस्त्याचा आहे. गायमुख ते चेणे या टप्प्यात हा रस्ता उद्यानाचा मुख्य भाग आणि खाडीकडचे नागला जंगल यांच्यामधून जातो, आणि इथे वाहनांच्या धडकेने बिबटे मेलेले आहेत. कोंडी इतकी आहे की रुंदीकरणाला विरोध करणे रहिवाशांवर अन्याय ठरेल. पण रुंद रस्ता आणि प्राण्यांची वाट यांपैकी एकच निवडावे लागते, असे नाही. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर, पेंचच्या जंगलात, रस्ता खांबांवर उचलून खाली वाट मोकळी ठेवली गेली. तिथून वाघ, बिबटे आणि इतर अनेक प्राणी ये-जा करत असल्याचे भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी नोंदवले. घोडबंदरच्या नव्या कामांच्या आराखड्यात अशी वाट खर्चासह दाखवली आहे का, हे लोकप्रतिनिधींनी विचारायला हवे. पिंजऱ्याची मागणी करणारे पत्र लिहायला तेवढाच वेळ लागतो, आणि त्यातून सुरक्षितता मिळाल्याचा पुरावा अजून कोणी दिलेला नाही.