ड्रायव्हर मिळत नाही? आधी परतीची तारीख सांगा

मानेसरला महामार्गाच्या कडेला गेलात, तर ट्रान्सपोर्टच्या छोट्या ऑफिसांबाहेर एक पाटी हमखास दिसते : ‘ड्राइवर चाहिए’. काही पाट्यांचा रंग उन्हाने उडून गेला आहे. माणूस मिळाला, की पाटी काढायची असते. पण ती काढण्याची वेळच येत नाही.

तुम्ही म्हणाल, मानेसर कुठे नि आपण कुठे! पण या गावाच्या दारातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच पुढे जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर करत चेन्नईपर्यंत जातो. मानेसरला मोटारी आणि दुचाकींचे मोठे कारखाने आहेत. आपल्याकडे चाकणला आहेत. सुट्या भागांची ने-आण करणाऱ्या गाड्या या दोन गावांमध्ये सतत धावत असतात आणि त्यात मराठी गाडीमालकही आहेत.

अशाच एका ओळखीच्या मालकांच्या ऑफिसात मी बसले होते. मूळचे सातारा जिल्ह्यातले, तीन गाड्यांचे मालक. एक गाडी ड्रायव्हरविना उभी होती आणि बँकेचा हप्ता मात्र चालू होता. तेवढ्यात नूहकडचा एक अनुभवी ड्रायव्हर कामासाठी आला. मालकांनी लगेच पगाराचा आकडा सांगितला. तो शांतपणे म्हणाला, “सेठजी, पगाराचं नंतर बोलू. घरी कधी सोडाल, ते आधी सांगा.”

मालकांकडे उत्तर नव्हते. चहा घेऊन तो निघून गेला. ट्रकसाठी ड्रायव्हर नेमायचा असेल, तर सुरुवात त्याच्या या प्रश्नापासून करायला हवी.

माणसे गेली कुठे?

२०१९ मध्ये केंद्र सरकारनेच सांगितले होते, की वाहतूक क्षेत्रात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता आहे. त्यानंतर २०२० मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशनने ट्रकचालकांची एक पाहणी प्रसिद्ध केली. आपल्या नातेवाइकांनी या कामात यावे असे वाटत नाही, असे त्यातल्या ८४ टक्के चालकांनी सांगितले.

पूर्वी हा धंदा गाडीतच शिकला जायचा. गावातला पोरगा क्लीनर म्हणून चढायचा, टायर बदलायचा, ताडपत्री बांधायचा आणि चार-पाच वर्षांत वस्तादाच्या हाताखाली तयार व्हायचा. खर्च वाचवण्यासाठी मालकांनी क्लीनर कमी केले. त्या वेळी दोन पैसे वाचले, पण उद्याचा ड्रायव्हर जिथे तयार व्हायचा ती शाळाच बंद पडली. बाप मुलाला या कामात आणायला तयार नाही आणि मालक शिकवायला तयार नाही. मग पाट्या लागणारच.

कुठे शोधाल?

तुमच्याकडे आधीपासून असलेला चांगला ड्रायव्हर हीच शोधाची पहिली जागा आहे. त्याच्या गावात, नात्यात, पाहुण्यांत आणखी चौघे असतात. तो तुमच्याविषयी चांगले बोलला, तर पाटीची गरज पडत नाही. वाईट बोलला, तर कितीही पाट्या लावा.

दुसरे म्हणजे शिक्षणाची अट काढून टाका. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी पूर्वी आठवी पास असावे लागे. मानेसरच्या शेजारच्या मेवात भागात, म्हणजे आजच्या नूहच्या परिसरात, अनेक घरे ड्रायव्हिंगवर चालतात. हात तयार, पण शाळेचा दाखला नाही, अशी तिथली अडचण. हरियाणा सरकारने ती केंद्रापुढे मांडली आणि २०१९ मध्ये ही अट देशभरासाठी रद्द झाली. कायद्याने सोडलेली अट तुम्ही कशाला धरून ठेवता?

तिसरे, पुन्हा क्लीनर ठेवा आणि त्याला शिकवा. कायद्याने व्यावसायिक वाहन चालवायला वयाची वीस वर्षे पूर्ण हवीत आणि त्याच्या शिकाऊ परवान्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. म्हणजे आज एकोणीस वर्षांच्या मुलाला हाताशी घेतलेत, तर दोनेक वर्षांत तुमचाच ड्रायव्हर तयार होईल. त्याच्या प्रशिक्षणाची फी तुम्ही भरा. ती पगारातून कापू नका.

आणि बायकांना वगळू नका. नंदुरबारच्या योगिता रघुवंशी पतीच्या निधनानंतर मुलांसाठी ट्रक चालवू लागल्या. कायद्याची पदवी असलेल्या या बाईंनी देशभर मालवाहतूक केली. सुरक्षित पार्किंग आणि स्वच्छ स्वच्छतागृह असलेले थांबे ठरवून दिलेत, तर हे काम बायकाही करू शकतात. तसे थांबे पुरुषांनाही हवेच असतात.

परवाना हातात घेऊन पाहा

परवान्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, की काम झाले असे समजू नका. परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख टाकून परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर तो तपासता येतो. कोणत्या वर्गाचे वाहन, मुदत कधीपर्यंत, हे पाहून घ्या. व्यावसायिक परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. रसायने, गॅस असा धोकादायक माल न्यायचा असेल, तर तीन वर्षांची.

छोट्या गाडीवाल्यांसाठी एक सोय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की एकूण भारित वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. त्यापुढच्या गाडीला मात्र त्या वर्गाचाच परवाना हवा.

परवाना नसलेल्या माणसाच्या हातात गाडी दिलीत, तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई तुमच्याकडून वसूल करू शकते. पण तुम्ही परवाना पाहिला होता, चालवण्याची परीक्षाही घेतली होती आणि नंतर तो परवाना खोटा निघाला, तर? अशा मालकाच्या बाजूने न्यायालयांनी कौल दिले आहेत. म्हणून तपासणीची तारीख, परवान्याची प्रत आणि चाचणीची नोंद फाइलमध्ये ठेवा.

एक मात्र करू नका. ड्रायव्हर पळून जाईल म्हणून त्याची मूळ कागदपत्रे कपाटात कोंडू नका. कागद अडकवून माणूस टिकत नाही. फक्त त्याचा विश्वास जातो.

चाचणी भरलेल्या गाडीवर

रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर कुणीही चालवून दाखवतो. भरलेली गाडी द्या, शेजारी जाणता माणूस बसवा. निघण्याआधी तो टायर, ब्रेक, दिवे पाहतो का? अरुंद गेटातून मागे घेताना घाई करतो का? उतारावर गिअरमध्ये उतरतो, की डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतो? शेवटचा प्रश्न जिवावरचा आहे. बोरघाट किंवा पुण्याचा नवले पूल आठवा. आणि इथे मालकानेही आरशात पाहावे. ‘वाचलेले डिझेल तुझे’ असा सौदा केला असेल, तर न्यूट्रल करायला आपणच शिकवत आहोत.

डोळ्यांची तपासणी स्वतःच्या खर्चाने करून घ्या. चष्म्याचा नंबर लपवणारे पुष्कळ असतात, कारण नोकरी जाईल अशी भीती असते. ‘नंबर निघाला तर चष्मा मी देईन’ हे आधीच सांगा.

पैशांचे बोलणे कागदावर

पगार किती, दर ट्रिपचा भत्ता किती, कोणत्या तारखेला मिळणार, उचल किती आणि ती कशी फिटणार, हे त्याला कळेल अशा भाषेत एका कागदावर लिहा आणि वाचून दाखवा. भांडणे नेमकी न बोललेल्या गोष्टींवरून होतात. कारखान्याच्या गेटवर गाडी दोन दिवस खोळंबली, तर त्या दिवसांची खर्ची कोणाची? पंक्चर कोणाच्या खिशातून? चलान आले तर? वेगाचे चलान त्याचे असेल, पण जास्त माल भरल्याचा दंड त्याच्या माथी मारू नका. हा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये इतका आहे. माल किती भरायचा, हे त्याने ठरवलेले नसते.

आता मूळ प्रश्न : घरी कधी?

साधा हिशेब करू. चाकण ते मानेसर साधारण चौदाशे किलोमीटर. वाहतूक, टोल, घाट धरून सरासरी वेग ताशी चाळीस धरा. पस्तीस तास नुसते स्टिअरिंगवर झाले. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची, लांब पल्ल्याला फार तर दहा तासांची मर्यादा घातली आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली. म्हणजे एका माणसाचे चार दिवस. तुम्ही कारखान्याला दोन दिवसांचा शब्द दिला असेल, तर उरलेले दोन दिवस त्याच्या झोपेतून चोरलेले आहेत. तेव्हा दोन ड्रायव्हर द्या किंवा चार दिवसांचा शब्द द्या.

याला तिसराही मार्ग आहे आणि तो मानेसरच्या शेजारीच, गुरुग्राममध्ये आजमावला गेला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या रिव्हिगो कंपनीने पूर्वीच्या टपालाच्या घोड्यांसारखी पद्धत आणली. काही तास चालवून एका ड्रायव्हरने गाडी पुढच्या ठाण्यावर दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि उलट दिशेची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी परतायचे. ते ड्रायव्हरला ‘पायलट’ म्हणत. ही पद्धत खर्चिक असते. दोन्ही बाजूंनी सतत माल लागतो, जागोजागी ठाणी लागतात. २०२२ मध्ये त्यांचा मुख्य व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने विकत घेतला. पण ड्रायव्हरला रोज घरी पाठवणे शक्य आहे, हे त्यांनी दाखवले.

तीन गाड्यांच्या मालकाला हे कसे जमणार? पूर्ण नाही, पण थोडे जमते. ओळखीच्या दुसऱ्या मालकाशी बोलून अहमदाबादजवळ ड्रायव्हर बदलता येतात. महाराष्ट्राचा माणूस तिथून परत, हरियाणाचा माणूस तिथून परत. मालकांमध्ये आधी लेखी समझोता हवा आणि गाडीच्या विम्यात अडचण नाही ना, ते विचारून घ्यावे. हेही नको असेल, तर किमान एवढे करा : दर दोन किंवा तीन फेऱ्यांनंतर ठरलेली सुट्टी द्या आणि ती तारीख कॅलेंडरवर आधी लिहा. ईद, दिवाळी, गावची जत्रा विचारून घ्या. पुढची ऑर्डर कितीही मोठी असली, तरी ती तारीख मोडू नका.

तुम्ही घराशी करार करता आहात

नेमणूक करताना त्याच्या घरच्यांचा फोन नंबर घ्या आणि तुमचा त्यांना द्या. नवीन ट्रक घेत असाल, तर १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. जुनी गाडी असेल, तर निदान पंखा, गादी आणि पाण्याचा कॅन तरी नीट असू द्या. गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरचे संरक्षण घेतले आहे ना, ते पाहा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला फक्त २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण मिळते. हा हप्ता मालकाला जड नाही.

अपघाताची भीतीही मोकळेपणाने बोला. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालक देशभर रस्त्यावर उतरले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची नवी तरतूद, हे त्याचे कारण होते. जुलै २०२४ मध्ये नवी संहिता लागू झाली, तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवले गेले. पण ड्रायव्हरच्या मनातला प्रश्न तसाच आहे : थांबलो तर जमाव मारेल, पळालो तर तुरुंग. त्याला आधीच सांगा, की जखमीला मदत मिळेल असे पाहा, ११२ ला फोन कर, जमाव चिडला असेल तर जवळच्या पोलिस ठाण्यात जा आणि मला कळव, वकील मी देईन. आणि तसा फोन आला, तर उचला.

ज्यांच्या घरातला माणूस ट्रकवर आहे, अशा वाचकांनीही हे सगळे मालकाला विचारावे. गाडीचा विमा आहे का? पगाराची तारीख कोणती? अडचणीत कोणाला फोन करायचा? आणि तो घरी कधी येणार? विचारण्यात काही संकोच नको.

त्या मराठी मालकांनी काय केले, ते सांगायचे राहिले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्यातले चार दिवस लाल पेनाने गोल केले, फोटो काढला आणि नूहच्या त्या ड्रायव्हरला पाठवला. दोन दिवसांनी तो आला, तेव्हा पगारावर थोडी घासाघीस झाली. मग दोघांनी चहा घेतला आणि संध्याकाळी गाडी निघाली. पाटी मात्र त्यांनी अजून काढलेली नाही. म्हणाले, “पहिली लाल तारीख पाळून दाखवतो, मग काढतो.”