मिश्र सिमेंटच्या कामांना योग्य मुदत, दर आणि चाचणी मिळण्याबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता, बांधकाम मंडळ

महोदय,

शाळाखोल्या, मोऱ्या, पाण्याच्या टाक्या अशी शासकीय कामे करणाऱ्या छोट्या व मध्यम ठेकेदारांच्या वतीने हे मागणीपत्र सादर करत आहोत. आमच्या बहुतेक कामांवर आज राख मिसळलेले पीपीसी किंवा स्लॅग मिसळलेले पीएससी सिमेंट येते. कामाची मुदत, सेंटरिंग काढण्याचे दिवस आणि देयकाच्या अटी मात्र अजून साध्या ओपीसीच्या हिशेबाने चालतात. या तफावतीचा भुर्दंड सभासद सोसत आहेत. निवेदने झाली, बैठका झाल्या. आता लेखी निर्णय हवा.

आमचा मिश्र सिमेंटला विरोध नाही. सिमेंटची पाण्याशी क्रिया होताना चुना सुटतो. राखेतली सिलिका त्या चुन्याला धरते आणि त्यातून काँक्रीटला ताकद देणारे बंधच वाढतात. बारीक छिद्रे बुजतात, क्षारांना आत शिरायला वाट कमी राहते, उष्णताही कमी निघते. कोकणच्या खाऱ्या हवेतल्या कामाला स्लॅगचे सिमेंट आम्ही स्वतःहून सुचवू. पण ही क्रिया सावकाश होते, आणि ओल टिकेल तोवरच होते. आमच्या मागण्यांचा पाया एवढाच आहे.

पहिला प्रश्न क्यूबचा. भारतीय मानकानुसार ५३ ग्रेड ओपीसीने ७ दिवसांत किमान ३७ मेगापास्कल ताकद द्यायची असते, पीपीसीने २२. तरीही ७ दिवसांचा क्यूब कमी आला की देयक अडते आणि पुढचे काम थांबते. आयएस ४५६ मध्ये काँक्रीटची स्वीकृती २८ दिवसांच्या ताकदीवर ठरते. म्हणून ७ दिवसांचा निकाल केवळ अंदाजासाठी धरावा, त्यावरून देयक रोखू नये. पाया व जाड काँक्रीटवर पूर्ण भार उशिरा येतो. तिथे ५६ दिवसांच्या चाचणीची सोय निविदेतच करावी.

पाणी मारण्याचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. आयएस ४५६ प्रमाणे ओपीसीला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किमान १० दिवस क्युरिंग लागते. कोरड्या, उष्ण हवेत १४ दिवसांची शिफारस आहे. मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात कॉलमला सकाळी गुंडाळलेले ओले गोणपाट दुपारच्या आत कडक वाळते. स्लॅबवर आळी करून भरलेले पाणी टिकवायचे तर टँकर लागतो, आणि त्याच दिवसांत गावाला प्यायला पाणी नसते. पाणी तुटले की राखेची क्रिया तिथेच थांबते. मग स्लॅबचा वरचा थर भुसभुशीत राहतो आणि दोष मिस्त्रीच्या माथी येतो. काँक्रीटच्या दरातच क्युरिंग धरून विभागाला मोकळे होता येणार नाही. मार्च ते जून या काळातील कामांना १४ दिवसांच्या पाण्याची व मजुरीची स्वतंत्र बाब अंदाजपत्रकात धरावी. जिथे पाणीच नाही, तिथे क्युरिंग कंपाउंडला मंजुरी द्यावी.

सेंटरिंगबाबतही तेच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढण्याची मुदत ओपीसीसाठी आहे. इतर सिमेंटला ती योग्य प्रमाणात बदलावी, असे आयएस ४५६ मध्येच म्हटले आहे. किती बदलावी, हे आम्हाला कोणी लेखी देत नाही. घाई झाली तर स्लॅबखाली उभ्या माणसाचा जीव जातो. कामावरच्याच हवामानात ठेवलेल्या क्यूबच्या निकालावरून टेकू काढण्याची परवानगी शाखा अभियंत्याने सहीने द्यावी. त्यापायी वाढलेले दिवस मुदतीत धरावेत. त्यावर दंड लावू नये.

पीपीसीत राखेचे प्रमाण १५ ते ३५ टक्के चालते. हा पल्ला मोठा आहे. थंडीत १८ टक्क्यांचा माल आणि ३४ टक्क्यांचा माल सारखे वागत नाहीत. प्रत्येक खेपेबरोबर प्रमाणाचा दाखला मिळावा आणि तो पिशवीवर ठळक मराठीत, क्युरिंगच्या दिवसांसह, छापण्याची अट खरेदीत घालावी. पीपीसीत कामावर पुन्हा राख कालवण्याचे प्रकार बंद व्हावेत. त्यात आमचा कोणी सभासद आढळल्यास संघटना त्याची बाजू घेणार नाही. ओपीसीत राख वापरायचीच असेल, तर ती वजनी मापाच्या प्लँटवर, आयएस ३८१२ च्या कसोटीला उतरलेली असावी. तळ्यात साठलेली भरड राख चालणार नाही. ज्या राखेत न जळलेला कोळसा जास्त, ती पाणी जास्त पिते आणि ताकद खाते.

यातील एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही. मानके आहेत, ती निविदेच्या अटींत उतरवायची आहेत, आणि क्युरिंगची बाब दरसूचीच्या पुढच्या सुधारणेत घेता येते. ३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ते न मिळाल्यास जुन्या अटींवरच्या मिश्र सिमेंटच्या कामांच्या नव्या निविदा आमचे सभासद भरणार नाहीत. चालू कामे मात्र ठरल्या मुदतीत पूर्ण केली जातील.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद